काळ्या पडद्यासमोरची व्हायल

इंजेक्शनच्या व्हायल्स, म्हणजे औषधाच्या काचेच्या छोट्या कुप्या, तपासणाऱ्या विभागातून माझ्या दवाखान्यात येणारी माणसं ठरलेली. मान आखडलेली, डोळे चुरचुरणारी, नाहीतर वर्षाची नेत्रतपासणी चुकवून पकडली गेलेली. त्या दिवशी मात्र सुपरवायझर स्वतः आला. हातात फाइल, मागे ती.

"मॅडम, हिला पॅकिंगला हलवायचंय. तुमचं पत्र लागेल."

"माझीच विनंती आहे," ती लगेच म्हणाली.

फाइलमध्ये पुनर्पात्रता चाचणीचा, म्हणजे तपासणारी अजून या कामाला पात्र आहे का हे बघणाऱ्या चाचणीचा, निकाल होता. या चाचणीत दोष असलेल्या व्हायल्स चांगल्या व्हायल्समध्ये मिसळून देतात, कुठल्या कुठे ते चाचणी घेणाऱ्यालाच माहीत. ती नापास झाली होती. कंपनीची डॉक्टर म्हणून मी आकडे वाचले, पण नापास कशात झाली हे नीट पाहिलंच नाही. आता त्याची लाज वाटते.

"पाळी यायच्या आधीचा आठवडा मला नीट दिसत नाही, मॅडम."

"दिसत नाही म्हणजे? अंधुक?"

"नाही, दिसतं. पण खात्री वाटत नाही."

"बायकांचं हे असतंच," सुपरवायझर म्हणाला. कुत्सितपणे नाही, अगदी कणव येऊन. कुत्सित माणसाला उत्तर देणं सोपं असतं. लेटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९१४ साली हीच समजूत तपासली होती. २३ बायका आणि तुलनेला २ पुरुष, पुन्हा पुन्हा घेतलेल्या आकलनाच्या आणि हाताच्या कौशल्याच्या चाचण्या. पाळीच्या दिवसांत कामगिरी घसरलेली दिसली नाही. हे मी त्याला ऐकवलं नाही. समोर उभी असलेली बाई खरंच हैराण होती, आणि सरासरी सांगून तिची झोप परत येणार नव्हती.

पत्र दिलं नाही. एक वही दिली. दोन पाळीचक्रं, रोज रात्री झोपण्याआधी लिहायचं: चिडचिड, रडू, झोप, एकाग्रता, प्रत्येकाला १ ते ६ गुण. आठवून सांगितलेल्यावर मी विसंबत नाही. मानसशास्त्रज्ञ डायन रूबल यांचा १९७७ चा प्रयोग त्याला कारण. एका खोट्या चाचणीच्या आधारे काही बायकांना सांगितलं, तुमची पाळी एक-दोन दिवसांवर आलीय. दुसऱ्या काहींना सांगितलं, अजून आठवडाभर तरी आहे. खरं तर साऱ्याजणी सारख्याच अंतरावर होत्या. पहिल्या गटाने त्रास जास्त नोंदवला. याचा अर्थ त्रास काल्पनिक असतो असा मुळीच नाही. कॅलेंडर माहीत असलं की आठवण त्याच्याकडे झुकते, एवढंच. म्हणून पाळीपूर्व त्रासाच्या निदानालाही किमान दोन चक्रांची रोजची नोंद लागते.

गुणवत्ता विभागाला मी आणखी एक गळ घातली. तिच्या चाचण्या त्यांनी आपल्या सोयीच्या तारखांना घ्याव्यात आणि वही कुणी बघू नये.

दोन महिन्यांनी ती वही घेऊन आली आणि मी वही आणि चाचण्यांचे निकाल टेबलावर शेजारी शेजारी मांडले. वहीतलं चित्र स्वच्छ होतं. पाळीच्या आधी सात-आठ दिवस पाच, सहा, सहा. पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत सगळं एकवर. निकालांत मात्र वेगळंच. दोष असलेल्या व्हायल्स तिने चांगल्या आठवड्यात जेवढ्या पकडल्या होत्या, जवळजवळ तेवढ्याच वाईट आठवड्यातही. फरक दुसऱ्या रकान्यात होता. चांगल्या, निर्दोष व्हायल्स तिने वाईट आठवड्यात भसाभस बाद केल्या होत्या. पहिल्यांदा नापास झाली होती तीही त्यातच.

"बाद करताना मनात काय येतं, ते दाखव बरं," मी म्हणाले. तपासणीच्या बूथपर्यंत आम्ही चालत गेलो.

तिथे प्रकाश २००० ते ३७५० लक्स. व्हायल मानेजवळ धरायची, हलकेच गिरकी द्यायची, थांबवायची. पाच सेकंद पांढऱ्या पडद्यासमोर, पाच काळ्या. काळा कण पांढऱ्यावर दिसतो, काचेचा कपचा किंवा तंतू काळ्यावर. व्हायल थांबली की काचेवरचा ओरखडा तिच्याबरोबर थांबतो. कण मात्र द्रवाबरोबर फिरत राहतो. बुडबुडा वर चढतो. हे सगळं ती बोलत नव्हती, तिची बोटं करत होती.

"हा बुडबुडा," ती म्हणाली. "आज बघताक्षणी कळतं. त्या दिवसांत मी तीनदा फिरवते. बुडबुडाच आहे हे दिसत असतं. आणि तरी वाटतं, नसला तर? कुणाच्या शिरेत गेला तर? मग टाकते बाद."

दिसतं, पण खात्री वाटत नाही. पहिल्याच दिवशी तिने अचूक सांगितलं होतं. दिसणं वेगळं आणि 'आहे' म्हणण्याचा उंबरठा वेगळा. तिचे डोळे तेच होते, उंबरठा खाली आला होता. अर्थात एका बाईच्या मोजक्या चाचण्यांवरून मी काही सिद्धांत मांडणार नाही. तिच्यापुरतं मात्र मला पटलं.

"म्हणजे माझ्या अंगात हार्मोन जास्त आहेत का?" परतताना तिने विचारलं.

नाहीत. १९९८ मध्ये अमेरिकेत श्मिट आणि सहकाऱ्यांनी बीजांडकोशाचं काम औषधाने तात्पुरतं थांबवलं, तेव्हा पाळीपूर्व त्रास असलेल्या बायकांपैकी बऱ्याचजणींना आराम पडला. मग त्यांना बाहेरून इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिलं, त्रास परतला. तीच हार्मोन्स त्रास नसलेल्या बायकांना दिली, त्यांना काही झालं नाही. पातळी नव्हे, त्या चढउताराला मेंदू देत असलेली दाद वेगळी. तिला मी एवढंच म्हटलं, "भरती सगळ्यांकडे येते. तुझा किनारा सखल आहे." उपमा फार बरी नव्हती, पण ती हसली.

पुढचं मानसोपचारतज्ज्ञांकडे. पाळीपूर्व तीव्र मनोविकाराला २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकन सूचीत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, स्वतंत्र स्थान आहे. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी औषधं इथे नैराश्यासारखे आठवडेन्‌आठवडे न घेता काही दिवसांतच लागू पडू शकतात, म्हणून काहीजणींना ती फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांत देता येतात. तिला ती मानवली. औषध सुरू झाल्यावर तीनही फेऱ्यांत ती पास झाली, आणि त्यातली एक फेरी नेमकी त्या आठवड्यात आली होती.

सुपरवायझर पुन्हा आला. "मॅडम, ती वही फाइलला लावू या. पुढे तारखा बघून ड्यूटी लावता येईल."

"मग रात्रपाळी संपवून सकाळी बूथवर बसणाऱ्या तुमच्या पुरुषांच्या झोपेची वहीही लावू. त्यांच्याही तारखा बघा."

तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण बाद केलेला माल वाया जातो ना."

"जातो. आणि दोष असलेली व्हायल बाहेर गेली तर?"

वही तिला परत दिली. फाइलला प्रमाणपत्र लावलं: दृश्य तपासणीच्या कामास पात्र. कारणाच्या रकान्यात रेघ मारली.