अनमोड घाटातली दहाचाकी: नोंद चौथी

चवथीनंतर पाऊस ओसरला आणि वही पुन्हा बाहेर काढली. भरलेला दहाचाकी ट्रक गोवा-बेळगाव रस्त्यावरचा अनमोड घाट चढतो तेव्हा इंजिनाची किती ताकद लागते, ते मी स्प्रेडशीटमध्ये मांडतोय. आधी मागच्या नोंदीतली लाज निस्तरतो. शीटमध्ये चढावर उणे ताकद येत होती ना, त्याचं कारण सापडलं. तिथलं साइन कोन अंशांऐवजी रेडियन या एककात मागतं आणि मी चढाचा टक्का, म्हणजे 5, तसाच टाकला होता. 5 रेडियनचं साइन उणे 0.96. थोडक्यात, माझा ट्रक अनमोड चढता चढता डिझेल तयार करत होता! आता वजनाला सरळ 0.05 ने गुणतो. इतक्या चढाला साइन आणि टॅनमध्ये नावापुरताच फरक पडतो.

गाडी तीन अ‍ॅक्सलची, वजन 28.5 टन (2018 साली मर्यादा 25 वरून इथवर आली), म्हणजे सुमारे 2,79,600 न्यूटन. चढाचे 13,980, टायरच्या विरोधाचे 0.008 ने 2,240, आणि ताशी 20 किमीला वाऱ्याचे जेमतेम 120. वाऱ्यासाठी मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, असो. बेरीज गुणिले 5.56 मीटर प्रति सेकंद, गियरबॉक्स-क्राउनमधली (क्राउन म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधलं दातेरी चाक) गळती धरून भागिले 0.85: 107 किलोवॅट, म्हणजे 145 अश्वशक्ती. ताशी 30 ला 220.

रविवारी फोंड्याहून स्कूटर काढली. एक किलोमीटरच्या पट्ट्यात मोबाइलच्या बॅरोमीटरने हवेच्या दाबात 6 हेक्टोपास्कल फरक दाखवला, म्हणजे साधारण 50 मीटर चढ. कठड्यावर बसून भरलेल्या गाड्यांची वेळ घेतली (माकडांनी वडा पळवला, वही वाचली). एकीला 250 सेकंद लागले, म्हणजे ताशी 14.4 किमी. गणिताने तिला 104 अश्वशक्ती पुरतात.

घोटाळा इथेच. मोलेच्या चेकनाक्यापाशी चहाला थांबलेले ड्रायव्हरकाका बेळगावकडचे, त्यांची गाडी तसलीच. म्हणाले, इंजिन एकशेऐंशी अश्वशक्तीचं. मी विचारलं, मग तुम्ही असे रांगत का चढता?

"थर्डला ओढतंय की साहेब. पण वळण आलं की परत सेकंड, परत फर्स्ट. मधेच गियर चुकला तर गाडी मागं. क्लच काय तुम्ही भरून देणार?"

घरी येऊन तेच मांडलं. इंजिनाचा टॉर्क (फिरवायचा जोर) 700 न्यूटन-मीटर, क्राउनचं गुणोत्तर 5.5, टायरची त्रिज्या अर्धा मीटर धरली. फर्स्ट, सेकंड, थर्डची गुणोत्तरं 9, 5.2 आणि 3.2 घेतली तर, तोच 0.85 धरून, चाकापाशी जोर मिळतो 58,900, 34,000 आणि 20,900 न्यूटन. सरळ पट्ट्यात लागतात 16,000 च्या आसपास, म्हणजे थर्ड खरंच ओढतो. पण वळणाच्या आतल्या बाजूला चढ 15 टक्के धरला तर 43,700 लागतात. तिथे सेकंडही हरतो. आणि सेकंडला ताशी 14.4 म्हणजे इंजिन मिनिटाला 2,200 फेऱ्यांच्या जवळ फिरतंय, आणि कठड्यावरून मोजलेला वेग नेमका तोच!

माझं ताकदीचं सूत्र इथे मुकं. गाडी थांबली की वेग शून्य, म्हणून ताकदही शून्य लागते म्हणतं. उभी भरलेली गाडी उचलताना विचारायचा तो जोर, अश्वशक्ती नव्हे. शीटमध्ये आता दोन पानं केली आहेत.

वळणातले 15 टक्के मात्र अंदाजाचे. गवंड्याकडून पाण्याची लेव्हल नळी मागून आणली आहे, दुसरं टोक धरायला कोणी येत असेल तर येत्या रविवारी सकाळी सातला, वाहतूक वाढायच्या आत.