डायमध्ये कागद रुतून बसतो तेव्हा

आज दिवसभर डाय-कटिंग, म्हणजे धातूच्या धारदार साच्याने (डाय) मशीनच्या रोलरखाली दाबून कार्डांसाठी कागद कापणं. बारीक जाळीची डाय आणि ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कागद, ही जोडी जमत नाहीच. बाहेरची कड कापली जाते, मधली जाळी अर्धवट राहते आणि सोडवताना फाटते. अशा नक्षीला १६० ते २०० जीएसएम पुरे. जाड कागद कार्डाच्या पायासाठी राखून ठेवावा.

कागद रुतत असेल तर डाय आणि कागदाच्या मध्ये वॅक्स पेपर घाला, अलगद सुटतो. मधोमध कट कच्चा राहिला तर आधी कटिंग प्लेट (डाय आणि कागद ज्या दोन प्लास्टिकच्या पाट्यांमध्ये ठेवून मशीनमधून काढतात, त्यातली एक) डोळ्यासमोर आडवी धरून बघा. एकाच बाजूने वापरून ती कमानीसारखी वाकते आणि दाब सारखा पडत नाही. दर वेळी उलटी करून वापरली की वाक कमी राहतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर प्लेटांच्या थरात एक साधा कागद जास्तीचा. जाड पुठ्ठा मात्र नको, मशीनवर ताण येतो. लांब सरळ कडेची डाय थोडी तिरकी ठेवावी, म्हणजे अख्खी कड एकदम रोलरखाली येत नाही.

ए५ कागदाची घडी घालून ए६ कार्ड होतं. घडीवर आधी बोथट टोकाने रेघ दाबा. मागे उठणारा उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. घडी कागदाच्या तंतूंना आडवी गेली तर कड तडकते, गडद रंगात तर पांढरी रेघच दिसते.

जाळीला गोंद ठिपक्यांनीच. सलग लावला की बाहेर येतो आणि कागद फुगतो.