गोठलेल्या दवाच्या देवाला ऊब

जपानच्या क्यूशू बेटावरील आसो येथे येणारे बहुतेक प्रवासी धुमसता ज्वालामुखी आणि २०१६ च्या भूकंपात कोसळलेले व २०२३ मध्ये पुन्हा उभे राहिलेले, आसो जिन्जा या देवळाचे महाद्वार पाहून परततात. मी मात्र सप्टेंबरमधल्या एका सकाळी भाडोत्री सायकल घेऊन, लोंब्यांनी वाकलेल्या भातखाचरांमधून शिमो जिन्जा या लहानशा देवळाकडे निघालो. ‘शिमो’ म्हणजे गोठलेले दव, आणि ज्वालामुखीच्या प्रचंड विवरातल्या या उंच सपाटीवर ते कापणीआधी पडले, तर हातातोंडाशी आलेले पीक जाते.

देवळात पुजारी नव्हता. दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून आणि पुन्हा एकदा वाकून मी नमस्कार केला, तेव्हा लाकडाच्या धुराचा वास आला.

तो वास जिच्या धुनीचा, तिची कथा विलक्षण आहे. आसोचा आद्यदेव ताकेइवातात्सु डोंगरावरून दूरच्या शिळेवर बाण मारीत असे आणि त्याचा सेवक किहाची ते वेचून आणी. नव्याण्णव बाण आणून थकलेल्या किहाचीने शंभरावा पायाने भिरकावला. संतापलेल्या देवाने पाठलाग करून त्याचे मुंडके उडवले. तेव्हापासून मानेची जखम थंडीने ठणकू लागली, की किहाची शेतांवर अवेळी दव गोठवतो, अशी श्रद्धा आहे.

म्हणून १९ ऑगस्टपासून ५९ दिवस येथे अखंड विस्तव ठेवतात. किहाची हाच इथला दवाचा देव; त्याचे प्रतीक वर ठेवून खाली लाकडे जाळतात, म्हणजे जखमेला शेक मिळतो. धुनीचा मान गावातल्या लहान मुलीचा. पूर्वी ती सगळे दिवस तेथेच राहत असे. आता तिला शाळा असते, त्यामुळे विस्तव राखण्याचे बरेचसे काम घरच्या आजीकडे येते. आसोच्या शेतीविषयक विधींना १९८२ मध्ये राष्ट्रीय लोकवारशाचा दर्जा मिळाला, त्यांत हाही आहे. मला मात्र त्या दर्जापेक्षा, मारणाऱ्या देवाच्याच मुलखात मारल्या गेलेल्या सेवकाची दुखरी मान शेकत बसणारी ही माणसे अधिक मोलाची वाटली.

मी पोहोचलो तेव्हा एक आजी लाकडे सारीत होत्या. मोडक्यातोडक्या जपानीत मी विचारले, “रात्रीही?” त्या म्हणाल्या, “थंडी रात्रीच असते ना.” मग त्यांनी आणखी एक ओंडका आत सरकवला.