मागून येणारं चाक

शेजारून जाणाऱ्या गाडीतला माणूस जोरजोरात हात हलवत होता. ओळखीचा असेल म्हणून मीही हात हलवला. मग तो मागे बोट दाखवायला लागला. आरशात पाहिलं, तर ट्रेलरच्या डाव्या चाकातून धूर.

गाडीचं चाक बसलं की स्टिअरिंग ओढायला लागतं, ढुंगणाखाली कळतं. ट्रेलरचं चाक मात्र मुकाट मागून येतं आणि मुकाटच बसतं.

टायरच्या पार चिंध्या झाल्या होत्या. खरं तर तो नवाकोरा दिसायचा. रबराचे ते बारीक केससुद्धा अजून झडले नव्हते. पण बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले: ३२१२. म्हणजे २०१२ सालातला ३२वा आठवडा! ट्रेलर वर्षातून चारदा निघणार, बाकी उन्हात उभा. तिथंच रबर वाळतं, बाजूला भेगा पडतात. त्यात हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला दबतो, उठतो, तापतो आणि फाटतो. माझी हवा 'बघून' तपासलेली, म्हणजे लाथ मारून.

स्टेपनी होती. (हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचं. १९०४ साली तिथं जादा चाक निघालं, त्याला आरे नव्हते. बसलेल्या चाकालाच ते बाहेरून आवळायचं.) जॅक होता. पानाही होता, पण गाडीचा, १९चा. ट्रेलरचे नट २१चे. दोन मिलिमीटरसाठी मी दीड तास रस्त्याच्या कडेला उभा होतो.

आता २१चा पाना ट्रेलरमध्येच असतो. हवा सकाळी, चाक फिरायच्या आत, गेज लावून बघतो. स्टेपनीचीही, कारण तिचीच हवा कोणी बघत नाही. शिवाय अधूनमधून सुट्टीच्या दिवशी दारातच तालीम करतो. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवायचा, दुसऱ्या बाजूच्या चाकाला दगड, नट आधी ढिले आणि मग जॅक. उलट केलं तर अधांतरी चाक नुसतं फिरत बसतं. परवा असाच घामाघूम होऊन पान्यावर उभा होतो. बायको खिडकीत आली.

"पंक्चर झालंय?"

"नाही."

"मग?"

"पहिला नट निघाला," मी म्हटलं.