आमची वाटचाल : प्लेटवरचा बाण

भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला तेव्हा आमच्याकडे एक जुनं शिअरिंग मशीन, दोन गॅस कटर आणि वडिलांनी शिकवलेला एक हिशेब होता. पोलादी प्लेटची जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले ७.८५, की एका चौरस मीटरचं वजन किलोत निघतं. १० मिमीची, अडीच मीटर बाय सव्वा मीटरची प्लेट साधारण २४५ किलो भरते. माल वजनावर घ्यायचा, पैसे मात्र नगावर मिळायचे. मधलं सगळं भंगार. त्यामुळे प्लेटवर नग दाटीनं बसवण्यातच आमची कमाई होती.

पुढे गिऱ्हाइकं म्हणू लागली, कापताच आहात तर वाकवूनही द्या. कर्ज काढून प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन, घेतला. ब्रॅकेटची पहिली मोठी ऑर्डर आली, ६ मिमी, ई ३५० ग्रेड, म्हणजे जास्त ताकदीचं पोलाद. भंगार वाचवायचं म्हणून मी निम्मे नग उभे, निम्मे आडवे बसवले. वाकवल्यावर ऑपरेटर एक नग उजेडात धरून म्हणाला, "शेठ, हा माल पाठवू नका." बेंडच्या बाहेरच्या अंगाला केसासारखी चीर होती. निम्म्या नगांना तीच.

मिलमध्ये रोलिंग होताना पोलाद एका दिशेनं ताणलं जातं. बेंडची रेघ त्या दिशेला समांतर आली की चीर पडण्याचा धोका वाढतो. आडवी असली की पत्रा तग धरतो. ग्रेड जितका ताकदवान, तितकं हे जास्त सांभाळावं लागतं. मला ते ठाऊक नव्हतं. चूक माझी होती. सगळे नग स्वखर्चानं पुन्हा केले, त्या वर्षी बँकेचे हप्ते फार जड गेले. पण तो माल गाडीखाली लागला असता, हा विचार आजही झोप उडवतो. त्या ऑपरेटरचे उपकार मी विसरणार नाही.

नंतर कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, सरळ करून कापायची लाइन आली, वेल्डिंगची शेड आली, पावडर कोटिंग आलं.

पूर्ण प्लेटची रोलिंगची दिशा बहुतेकदा लांबीवरून कळते, उरलेल्या तुकड्याची कळत नाही. म्हणून तुकडा रॅकवर जाण्याआधी त्यावर हीट नंबर, म्हणजे पोलाद कुठल्या घाणीतलं ते सांगणारा मिलचा नंबर, आणि रोलिंगच्या दिशेचा बाण लिहिला जातो. आता लेझर कटिंग मशीनच्या प्रोग्रॅममध्ये नग बसवायची दिशा लॉक करता येते. तरीही गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मी रॅकवरून हात फिरवतो आणि पुसट झालेले बाण खडूनं पुन्हा गडद करतो.