इंजिन एका दुपारीत झालं, हेडरेस्टला दोन रविवार गेले

गाडीचा मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) मी घरच्या घरी काढला हे सगळ्यांना सांगून झालंय. त्याच गाडीच्या मागच्या सीटचं हेडरेस्ट काढायला मला दोन रविवार लागले हे मात्र आजवर लपवून ठेवलं होतं.

इंजिनचं आधी उरकतो. उभ्या गाडीत थरथर, पिकअप गेलेला, चेक इंजिनचा दिवा लागलेला. गाडीला जोडायच्या स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (शेवटचा आकडा सिलिंडरचा, पी०३०० असेल तर कुठलाही एक धरता येत नाही). तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर, कोड पुसला, एक चक्कर मारली, आता कोड पी०३०१. कॉइलबरोबर मिसफायरही सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. नवी बसवली, संपलं. कोड तिसऱ्यालाच चिकटून राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं एकेक बघत बसावं लागलं असतं.

मग काय, अंगात आलं. म्हटलं आता मागच्या सीटला नवं कव्हरही आपणच घालू.

मॅन्युअलमध्ये एकच ओळ आहे, बटण दाबा आणि हेडरेस्ट वर ओढा. दाबलं, ओढलं, तीन खाचा वर आलं आणि थांबलं. सीटवर गुडघा टेकवून दोन्ही हातांनी ओढलं, तरी ढिम्म. बायको म्हणाली, "अहो, सीटच उपटून काढाल." मला वाटलं दांडे गंजलेत, म्हणून वरून स्प्रे मारला, त्याचा तेलकट डाग सीटवर पडला तो अजून आहे, कव्हरखाली असल्यामुळे दिसत नाही एवढंच. पहिला रविवार गेला.

दुसऱ्या रविवारी टॉर्च घेऊन नाक सीटला लावलं. दोन दांडे ज्या प्लास्टिकच्या बाह्यांमध्ये जातात त्यातल्या एकीला बटण, ते दिसतंच. दुसरी सपाट, त्याच रंगाची, म्हणून मी ती बघितलीच नव्हती. तिच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक! पेपरक्लिप सरळ करून आत घातली तर आतली स्प्रिंग बोटाला जाणवली. तरीही निघेना, कारण मी आधीपासूनच वर ओढत होतो, त्या ताणात लॉक सुटत नाही. हेडरेस्ट आधी जरा खाली दाबायचं, मग पिन, मग बटण, मग वर. याला तीन हात लागतात. मुलाला हाक मारली, तो म्हणाला, "बाबा, पिन मी धरतो, तुम्ही ओढा." टक् झालं, सुटलं आणि वर जाऊन छताला आपटलं. दांडे एवढे लांब की सीटची पाठ पुढे पाडल्याशिवाय बाहेर यायला जागाच नाही. पाठ पाडली आणि अलगद हातात आलं. आता हे चार शब्द मॅन्युअलमध्ये लिहायला काय जात होतं? ती ओळ लिहिणाऱ्याने स्वतः एकदा तरी हेडरेस्ट काढलं असेल का, शंकाच आहे.

सगळ्या गाड्यांना हे असंच नसतं, काहींना दोन्हीकडे बटणं असतात, काहींच्या पुढच्या हेडरेस्टमध्ये धडकेच्या वेळी पुढे येणारी यंत्रणा असते, तिथे मारामारी करू नका. परत बसवल्यावर बटण न दाबता वर ओढून बघा, निघून आलं तर लॉक धरलेलंच नाही. उंचीही बघा, वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाला यायला हवी, मानेखाली उशीसारखं ठेवलं तर मागून धडक बसल्यावर मान वाचत नाही.

हां, इंजिनचं एक राहिलं. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (इंजिनचा धूर साफ करणारा भाग) जाऊन तो तापतो आणि त्याचं काम कॉइलपेक्षा कितीतरी महाग. प्लग काढायचा तर इंजिन गार झाल्यावरच, आधी भोकातली धूळ हवेने उडवा, आणि नवा प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवा, पाना नंतर. भोकात तेल दिसलं तर वरच्या कव्हरचं गॅस्केट किंवा तिथलं सील गेलंय समजा.

दुसऱ्या बाजूचं हेडरेस्ट दोन मिनिटांत निघालं. मधलं अजून तसंच आहे, त्याला बटणही दिसत नाही आणि भोकही.