सडक वर, घर खाली

आज दुपारी आई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "काऊन रे बाबू, सडक वर गेली का आपलं घर खाली बसलं?" एवढं बोलून ती आत गेली. माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाही.

आमच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या. त्यातल्या दोन नव्या रस्त्याच्या सिमेंटखाली गेल्या. सकाळी पावसाची सर येऊन गेली आणि मोरीचं पाणी उलटं घरात आलं. बाहेर जाऊन पाहिलं, तर नव्या नालीचा तळच आमच्या पाइपाच्या वर. पाइपासाठी नालीच्या भिंतीला भोक ठेवलंय, तेही वीतभर उंच. ते पाडताना कोणी खाली वाकून पाहिलं नसेल? जुनं डांबर खरवडून काढलं की पातळी फारशी वाढत नाही. इथे मुरूम, खडी, सिमेंट, सगळं जुन्यावरच चढवत गेले. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीशी पाणी मुरत राहिलं तर पाया किती दिवस धीर धरेल?

कोणी विचारलं नाही. फिरून फिरून मन इथेच येतं. आपण इथे राहतो हे कोणाच्या लेखी आहे की नाही?

२०१४ मध्ये सरकारने आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांना नगरपंचायती करायचं ठरवलं, तेव्हा बाबा केवढे खूश होते. जाऊ द्या.

विचारायची सोय कायद्यात आहे. १९६६ च्या नगररचना कायद्यात प्रारूप विकास आराखड्यावर, म्हणजे गावाच्या कच्च्या नकाशावर, हरकती-सूचनांना मुदत दिलीय. पण त्या नकाशात रस्त्याची रुंदी असते, आरक्षणाचे रंग असतात. नालीचा तळ कुठे, रस्ता किती उचलायचा, हे ठरतं कामाच्या अंदाजपत्रकात, आणि तो कागद घरमालकाला कोणी दाखवत नाही. ज्याने घरात पाणी शिरतं, नेमकं तेच आपल्यापर्यंत पोचत नाही.

भाजीवाल्या मावशींचंही तेच. बायपासजवळच्या पटांगणात बसा म्हणून त्यांना सांगून टाकलं. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा म्हणतो, सर्वेक्षण झाल्याशिवाय कोणाला उठवायचं नाही. जागा ठरवताना जिचं मत घ्यायचं त्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यातल्या एक तृतीयांश बायांच्या. मावशीला विचारलं, तर अशी समिती असते हेच तिला पहिल्यांदा कळलं. संभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर पाणी शिंपडत म्हणाली, "तिकडं गिऱ्हाईक कोन येते जी?"

आणि चौकात तो दुभाजक. पोळा तोंडावर आलाय. तोरण कुठून कुठे बांधायचं? जोड्या ओळीने उभ्या राहायच्या, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, व्हायच्या, मग तोरण तुटायचं, हे सगळं त्या चौकात. आता मधोमध कठडा. या गुळगुळीत सिमेंटवर बैलाचा खूर ठरत नाही. परवाच एक जोडी घसरताना पाहिली, धुरकरी कासऱ्याला लोंबकळला होता. ज्याने हा चौक कागदावर काढला, त्याला पोळा माहीत नसेल असं मी मानत नाही. मग त्याला तो दिसला का नाही? याचंच फार वाईट वाटतं, मोरीपेक्षाही.

संध्याकाळी थोडा शांत झालो. रस्ता हवाच होता. चिखलात एसटी फसायची, आणि त्या पावसात बहिणीला दवाखान्यात नेताना जे झालं ते कोणी विसरलेलं नाही. झालेला रस्ता आता कोणी उखडणार नाही, आणि उखडावा असंही मला वाटत नाही. मोरी आपणच वर घ्यायची. गवंड्याशी बोललो, शुक्रवारी येतो म्हणाला. ओट्याला आतून एक पायरी करावी लागेल, आईचा गुडघा पाहता कठडाही.

पण नालीची भोकं खाली घेणं आणि चौकात दुभाजक तोरणापुरता मोकळा ठेवणं, ही दोन कामं अजून होऊ शकतात. अर्ज लिहिला. शेजारच्या काकाजींनी वाचून पाहिला आणि म्हणाले, "पयले पोळ्याचं लिही बाबू, नालीचं मंग." मी क्रम बदलला. त्यांनी सही केली, समोरच्या दोन दुकानांनीही केली. उद्या मावशीला अंगठा मागणार आहे, तिच्या जागेचं तिसरं कलम घालून. दोन प्रती काढायच्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलायचं नाही.